इम्प्लांट आणि शेजारचा दात: अन्न अडकतंय, रक्त येतंय, पण दुखत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६६ वर्षांचे, जुळे सोलापूरला राहतात, उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं. दीड वर्षापूर्वी खालच्या उजव्या बाजूच्या दोन दाढांच्या जागी इम्प्लांट (हाडात रोवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर कॅप, म्हणजे कृत्रिम दात) बसवले. पहिलं वर्ष छान गेलं. आता इम्प्लांट आणि त्याच्या पुढची स्वतःची उपदाढ यांच्या मध्ये अन्न अडकतं, ब्रश करताना अधूनमधून रक्त दिसतं. दुखत अजिबात नाही, म्हणून ‘दुखत नाही तर डॉक्टरकडं कशाला जायचं’ हे अण्णांचं पालुपद. साखर आहे. तंबाखू ‘कमी केलीय’. इम्प्लांटची वेगळी निगा राखावी लागते का, शेजारच्या दातांचं काय करायचं, आणि कडक भाकरी बंद करायची का, असं तुम्ही विचारलंय.

अण्णांना आधी एवढंच सांगा की भाकरी बंद होणार नाही. ते ऐकलं की पुढचं ऐकतील. मग त्यांना याच आठवड्यात दाखवायला न्या. रात्री दवाखाना उघडायला लावावा असं काही झालेलं नाही, पण ‘गड्ड्याची यात्रा झाल्यावर बघू’ म्हणण्यासारखंही हे राहिलेलं नाही.

मी हिरड्यांची डॉक्टर आहे. बिघडलेले इम्प्लांट घेऊन माझ्याकडे जे येतात, त्यांतले बरेचसे खुर्चीत बसता बसता हेच म्हणतात: ‘पण दुखत नव्हतं हो!’ ते खरंच सांगत असतात, म्हणून ते का दुखत नाही हे आधी समजून घ्या. त्यावरच पुढची सगळी काळजी ठरते.

आपला स्वतःचा दात हाडात थेट रोवलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंचा पातळ थर असतो आणि त्या तंतूंवर दात तोललेला असतो, सुतळीच्या बाजेवर माणूस पडावा तसा. घास चावताना दात किंचित दबतो आणि परत वर येतो. या तंतूंमध्ये नसा असतात. भातात खडा लागला की विचार करायच्या आत जबडा उघडतो, तो या नसांमुळे. इम्प्लांटला हा थरच नाही. टायटॅनियमच्या स्क्रूच्या पृष्ठभागावर हाड थेट येऊन बसतं. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशांच्या हाडावर प्रयोग करत होते, तेव्हा हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण निघता निघेना. ही १९५२ ची गोष्ट. पुढे १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि ते त्या गृहस्थाला शेवटपर्यंत, चाळीस वर्षं पुरले. टिकायचा म्हटला तर इम्प्लांट असा टिकतो.

पण ही पकड जितकी घट्ट, तितकीच मुकी. चावताना नैसर्गिक दात साधारण २५ ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हलतो, इम्प्लांट जेमतेम ३ ते ५. त्याला नस नाही, कीड लागत नाही, थंड-गरम लागत नाही. भोवतीच्या हिरडीचीही गोष्ट वेगळी. नैसर्गिक दाताला हिरडीचे तंतू मुळात घुसून धरतात. इम्प्लांटभोवती ते नुसता वेढा घालून असतात, आत घुसलेले नसतात. शिवाय दाताभोवतीच्या तंतूंच्या थरातून हिरडीला जो रक्तपुरवठा होतो, तो इथे नाही. त्यामुळे जंतूंचा थर एकदा हिरडीखाली शिरला की इम्प्लांटच्या कडेने तो हाडापर्यंत लवकर पोचतो, आणि एवढं सगळं होताना माणूस आरामात जेवत असतो. पुष्कळदा इम्प्लांट हलायला लागल्यावरच पेशंटला कळतं. तोवर हाड बरंच गेलेलं असतं.

म्हणून दुखण्याची वाट पाहायची नाही, रक्ताकडे बघायचं. हिरडीतून रक्त येणं ही इम्प्लांटची जवळजवळ एकमेव तक्रार असते, आणि अण्णांचा इम्प्लांट ती करतोय.

या तक्रारीच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर फक्त हिरडी सुजलेली असते, लालसर दिसते, हात लावला की रक्त येतं. हाड शाबूत असतं. हे पूर्ण बरं होतं. जंतूंचा थर काढला आणि घरची सफाई सुधारली की तीनेक आठवड्यांत बराच फरक पडतो, पूर्ण निवळायला त्याहून वेळ लागू शकतो. दुसऱ्या पायरीवर हाड झिजायला सुरुवात झालेली असते. तिथे गाडी थांबवता येते, पण गेलेलं हाड जसंच्या तसं परत आणायची हमी कुणी देऊ नये. हिरडी उघडून साफ करावी लागते, काही ठिकाणी हाडाची पूड भरतात, काही ठिकाणी इम्प्लांट काढावाही लागतो. अण्णा कुठल्या पायरीवर आहेत हे मी इथून सांगू शकत नाही. आरशात बघून तुम्हालाही कळणार नाही. त्यासाठी बारीक मोजपट्टीने इम्प्लांटभोवती हलक्या हाताने खोली मोजावी लागते आणि एक्स-रे काढावा लागतो.

एक्स-रेवरून आठवलं. कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे तुमच्याकडे आहे का बघा. पहिल्या वर्षात इम्प्लांटभोवतीचं हाड थोडं खाली बसतं, एक ते दीड मिलिमीटरपर्यंत ते चालायचंच असं पूर्वीपासून धरलं जातं. नंतर मात्र वर्षाला ०.२ मिलिमीटरच्या आत राहावं. आता तुलनेला जुना फोटोच नसेल, तर आज दिसणारं हाड पहिल्यापासून तेवढंच होतं की गेल्या सहा महिन्यांत उतरलं, हे ओळखायचं कसं? जुना एक्स-रे नसेल तर आजचा हाच पहिला मानून जपून ठेवायचा. मोबाइलवर काढलेला फोटो काहीच नसण्यापेक्षा बरा, पण मूळ फाइल मागून घ्या.

आता अन्न अडकण्याबद्दल. तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ‘पहिलं वर्ष छान गेलं’ असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे कॅप बसवली तेव्हा ती पुढच्या दाताला नीट टेकलेली होती. मग फट आली कुठून? कॅप झिजली, करणाऱ्याने चुकीची बसवली, असं लगेच म्हणू नका. आपले स्वतःचे दात जन्मभर थोडेथोडे पुढच्या बाजूला सरकत असतात. सगळे दात स्वतःचे असतात तेव्हा सगळेच सरकतात, त्यामुळे फट पडत नाही. इम्प्लांट मात्र हाडाला चिकटलेला, तो जागचा हलत नाही. त्याच्या पुढची उपदाढ हळूहळू पुढे जाते आणि जिथे फ्लॉस (दातांच्या मधून फिरवायचा दोरा) अडकून ‘टक’ आवाज करत उतरायचा, तिथून तो सहज उतरायला लागतो. इम्प्लांटच्या पुढच्या बाजूला हे इतकं सर्रास दिसतं की कॅप बसवताना पेशंटला आधीच सांगून ठेवायला हवं. सांगितलं जात नाही, आणि मग पेशंट डॉक्टर बदलत फिरतो.

या फटीत सोलापूरच्या माणसाच्या तोंडात नेमकं काय जातं? शेंगाची चटणी. दाण्याचा तेलकट, जाडसर कूट दाताच्या कडेने खाली घसरतो आणि हिरडीच्या कोपऱ्यात बसतो. चूळ भरली तर वरचा निघतो, खालचा तिथेच राहतो. मटणाचा धागा निदान जाणवतो, माणूस तो काढल्याशिवाय राहत नाही. चटणी जाणवत नाही. रात्रभर तिथे राहिली की दोन ठिकाणी काम करते: इम्प्लांटच्या बाजूला हिरडी सुजवते आणि उपदाढेच्या बाजूला मुळाला कीड लावते.

हे दुसरं लोकांच्या ध्यानातच येत नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही एवढं ऐकून सगळे निर्धास्त होतात. पण त्याला टेकून असलेला दात हाडामासाचा आहे. साठीनंतर हिरडी थोडी खाली उतरलेली असते आणि मूळ उघडं पडलेलं असतं. मुळावर वरच्या भागासारखं टणक इनॅमल नसतं, त्यामुळे तिथली कीड भरभर आत जाते, तीही फटीच्या आत, नजरेआड. महागाचा इम्प्लांट ठणठणीत आणि त्याला टेकलेल्या दाताचं रूट कॅनल, असं चित्र मी वरचेवर बघते. आणि त्या दाताच्या मुळाच्या टोकाशी पू झाला, तर तो शेजारच्या इम्प्लांटच्या हाडापर्यंतही पोचू शकतो. तेव्हा ‘इम्प्लांटची काळजी’ आणि ‘दातांची काळजी’ अशी दोन खाती उघडू नका. जागा एकच आहे, त्या दोघांच्या मधली.

फट पडलीच असेल तर ती बुजवता येते. कॅप स्क्रूने बसवलेली असेल (वरच्या बाजूला दातासारख्या रंगाची छोटी गोल भरण असते, तिच्याखाली स्क्रू असतो) तर ती काढून, लॅबमध्ये कडेला सिरॅमिक चढवून, परत बसवता येते. सिमेंटने चिकटवलेली असेल तर काढणं जरा कटकटीचं असतं. अशा वेळी शेजारच्या दाताला त्या बाजूने भरण करायचंच असेल, तर त्या भरणाला थोडा उठाव देऊन फट मिटवतात. काय करायचं हे तुमचे डॉक्टर बघून ठरवतील, पण ‘अन्न अडकतं’ हे तुम्ही आपणहून सांगा. आणखी एक, सिमेंटची कॅप असेल तर हिरडीखाली सिमेंटचा कण राहून गेलाय का, हेही बघायला सांगा. कधी कधी सगळ्या सुजेचं मूळ तो एक कण असतो.

आता घरची सफाई. ब्रश सगळेच करतात, पण ब्रशचे केस दोन दातांच्या मध्ये जात नाहीत. ते काम इंटरडेंटल ब्रशचं: मध्ये बारीक तार, तिच्याभोवती केस, धरायला छोटी मूठ. मेडिकलमध्ये विचारा, नसेल तर ते मागवून देतात. यात मापं असतात आणि माप महत्त्वाचं. तार दाताला न घासता आत जावी, केस मात्र दोन्ही बाजूंना टेकावेत. सैल ब्रश नुसता आत-बाहेर फिरतो, साफ काही होत नाही. घट्ट ब्रश जबरदस्तीने घातला तर हिरडी सोलते. पहिलं माप डॉक्टरकडूनच ठरवून घ्या. अण्णांना बहुधा दोन मापं लागतील, कारण इम्प्लांटची मान बारीक असते आणि तिथली जागा मोठी असते. तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेलाच ब्रश घ्या. उघडी तार टायटॅनियमवर ओरखडे पाडते आणि ओरखड्यांत जंतूंना बसायला जागा मिळते.

अण्णांना तुम्ही एकदा शेजारी उभं राहून दाखवा. रात्री, जेवणानंतर, झोपायच्या आधी. आरसा आणि चांगला उजेड हवा. गालाच्या बाजूने ब्रश हिरडीलगत आडवा धरायचा, तोंड अर्धंच उघडायचं म्हणजे गाल सैल राहतो. पूर्ण आ केला की गाल ताणला जातो आणि हात आत जात नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांचं इथेच अडतं. ब्रश हळूच आत सरकवायचा, चार-पाच वेळा मागे-पुढे, आधी इम्प्लांटकडे दाबून, मग उपदाढेकडे दाबून. जमलं तर जिभेच्या बाजूनेही. बाहेर काढून पाण्याखाली धुवायचा. पांढरट चिकट थर निघाला, रक्ताचा ठिपका दिसला, वास आला, तर घाबरून बंद करायचं नाही. रक्त येतंय म्हणून ती जागा सोडून देणं हीच लोकांची नेहमीची गफलत. रोज नीट साफ केलं की आठ-दहा दिवसांत रक्त कमी व्हायला हवं. झालं नाही, तर आत काहीतरी असं आहे जे घरच्या ब्रशने निघणार नाही.

दोन इम्प्लांटच्या मधल्या जागेत हेच करायचं. शेवटच्या इम्प्लांटच्या मागच्या बाजूला नेहमीचा ब्रश पोचत नाही, तिथे एका झुपक्याचा छोटा ब्रश मिळतो तो वापरावा. दोन्ही कॅप एकमेकींना जोडलेल्या असतील तर वरून फ्लॉस उतरणार नाही. टोकाला कडक आणि मध्ये स्पंजासारखा असलेला सुपरफ्लॉस कडेने ओवून घ्यावा लागतो. पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन, वॉटर फ्लॉसर, ज्यांची बोटं थरथरतात किंवा नजर कमी आहे त्यांना फार उपयोगी पडतं. मी ते सुचवते. फक्त फवाऱ्याने चटणीचा कण निघतो, चिकटून बसलेला थर पूर्ण निघत नाही. ब्रशला सुट्टी देऊ नका.

मोठा ब्रश मऊ केसांचा. दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरका टेकवून छोट्या हालचाली करायच्या. आडवा खरारा नको.

पेस्टबद्दल बराच गोंधळ दिसतो. ‘इम्प्लांटला फ्लोराइड चालत नाही’ असं कुणीतरी मोबाइलवर वाचलेलं असतं. तीव्र आम्लधर्मी फ्लोराइड जेल टायटॅनियमवर वापरू नये हे खरं, ते डॉक्टरांनी लक्षात ठेवायचं. घरची साधी फ्लोराइड पेस्ट, जिच्यात साधारण १००० पीपीएम फ्लोराइड असतं, ती खुशाल वापरा. शेजारच्या दाताच्या उघड्या मुळाला तिचीच गरज आहे. ब्रश झाल्यावर पेस्ट थुंकायची, पण पाच-सहा चुळा भरून ती पार धुऊन टाकायची नाही. इम्प्लांटची ‘खास’ पेस्ट लागत नाही. मिश्री, राखुंडी, कोळशाची पावडर, मीठ घासणं हे सगळं बंद. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात घासायच्या नावाखाली ती हिरडीला चोळली जाते. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायकांमध्ये आणि खेड्यापाड्यांतल्या आज्यांमध्ये ही सवय इतकी जुनी आहे की ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला त्या मनापासून ‘नाही’ म्हणतात. म्हणून मी आता ‘मिश्री लावता का’ हे वेगळं विचारते.

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी दिलं तर दिलेल्या दिवसांपुरतंच घ्या, बहुधा दोन आठवडे. पेस्टनंतर अर्धा तास थांबून. महिनोन्‌महिने वापरलं तर दात तपकिरी होतात आणि चव जाते, तेव्हा अण्णा दोष भाजीला देतील.

आणि टाचणी, सुई, काडेपेटीची काडी, शर्टाच्या खिशातली सेफ्टी पिन यांना तोंडापासून लांब ठेवा.

भाकरीकडे येऊ. इम्प्लांट हाडात भरला, कॅप बसली, चावा नीट जुळलेला असला की कडक भाकरी आमटीत चुरून खा नाहीतर तशीच चटणीबरोबर मोडून खा, काही बिघडत नाही. हुरडा, डाळिंब, सगळं चालतं. जपायचं ते वेगळ्याच कारणासाठी. मघाशी म्हटलं तसं इम्प्लांटला दाब कळत नाही, त्यामुळे माणूस त्या बाजूने नकळत जास्त जोराने चावतो. उसाचं कांडं दाताने सोलणं, सुपारी फोडणं, बाटलीचं झाकण उघडणं, दोरा तोडणं हे नको. मागावर काम केलेल्यांना सूत दाताने तोडायची सवय असते, अण्णांना विचारून बघा. रात्री दात खात असतील तर झोपताना घालायचं गार्ड करून घ्या. इम्प्लांटच्या समोरच्या, वरच्या दाढेकडेही लक्ष असू द्या. ती झिजतेय का, तिला तडा जातोय का, हे तपासणीत बघायला सांगा.

साखर आणि तंबाखू या दोन गोष्टींवर मी जरा कडक बोलणार आहे. साखर ताब्यात असलेल्या माणसाचा इम्प्लांट इतरांसारखाच चालू शकतो, मधुमेह आहे म्हणून कुणी हबकू नये. पण तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, चढलेली असेल तर हिरडीची सूज लवकर येते आणि भरायला वेळ लागतो. अण्णांच्या वयाला ती किती असावी हे त्यांचे फिजिशियन सांगतील, ७ च्या आसपास म्हणतात साधारण. दातांच्या डॉक्टरकडे जाताना तो रिपोर्ट बरोबर न्या. हिरडीचा जंतुसंसर्ग आटोक्यात आला की साखरही थोडी खाली येते, असा दुहेरी संबंध आहे.

तंबाखूचं ‘कमी केलीय’ हे उत्तर मी ऐकून घेते, लिहून घेत नाही. बार कुठे भरतात ते विचारा. चुना लावून मळलेली तंबाखू खालच्या ओठात किंवा गालात ज्या जागी रोज धरली जाते, तिथली हिरडी खाली उतरते आणि मुळं उघडी पडतात. ती जागा इम्प्लांटच्या बाजूलाच असेल, तर आपण दिवसभर करतो ते नुकसान रात्रीचा दोन मिनिटांचा ब्रश भरून काढणार नाही. बाजू बदलून बार भरणं हा उपाय नव्हे. अण्णा तो सुचवतील. विडी-सिगारेटचा आणखी एक घोळ आहे. धुरामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी दिसतं, म्हणजे जी एकच खूण आपल्या हाताशी होती तीही पुसली जाते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, टपरीवर ती किती दिसते ते तुम्हीच बघा. तोंड आतून पांढरं पडलेलं, जळजळणारं किंवा कमी उघडणारं दिसलं, तर तेही दाखवा. तो विषय इम्प्लांटपेक्षा मोठा आहे.

तोंड कोरडं पडतं का, हेही विचारा. या वयात रक्तदाबाच्या, झोपेच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते, आणि लाळ कमी झाली की मुळांची कीड दणक्यात वाढते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगायचं, पाणी जवळ ठेवायचं, आणि घसा ओला करायला लिमलेटच्या गोळ्या चघळायच्या नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर साध्या सफाईसाठी त्या परस्पर बंद करू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून कुणाला इंजेक्शनं चालू असतील, तर दात काढण्याआधी किंवा इम्प्लांटची कुठलीही शस्त्रक्रिया करण्याआधी ते दातांच्या डॉक्टरला सांगायलाच हवं.

‘क्लीनिंग केलं की दात हलतात’ हा समज सोलापुरात अजून ठाण मांडून आहे. कीटणाने आधीच हाड खाल्लेलं असतं आणि कीटणच त्या दातांना धरून असतं. ते काढल्यावर खरी अवस्था उघडी पडते. तसंच बोअरच्या खारट पाण्याने कीटण होतं, असं म्हणतात. नळावर बसणारा पांढरा थर पाण्याचा, दातावरचं कीटण मात्र जंतूंच्या थरावर लाळेतले क्षार बसून होतं. फिल्टर बसवून ते थांबत नाही.

अण्णांचे आधीचे दात कशाने गेले? पायोरियाने हलून पडले असतील तर माझी काळजी वाढेल. ज्यांना पायोरिया होऊन गेलाय त्यांच्या इम्प्लांटला तीच व्याधी व्हायचा धोका जास्त असतो, आणि तोंडात उरलेल्या दातांच्या खोल फटींतले जंतू इम्प्लांटभोवती जाऊन वस्ती करतात. त्यामुळे ‘फक्त इम्प्लांटचं बघा, बाकीचं राहू द्या’ असं म्हणून चालत नाही. पूर्ण तोंडाची सफाई करून घ्या. आणि कुणी ‘हेही दोन दात काढून इम्प्लांटच करून टाकू’ म्हणालं, तर दुसरं मत घ्या. उपचाराने वाचू शकणारा दात काढून तिथे इम्प्लांट बसवणं मला पटत नाही, पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी. ‘लाइफटाइम गॅरंटी’ धातूच्या तुकड्याची असते.

तपासणी किती दिवसांनी? ज्यांना साखर नाही, तंबाखू नाही, पायोरिया झालेला नाही, त्यांना सहा महिन्यांनी. तारखा कुणी लक्षात ठेवत नाही म्हणून मी पेशंटना सांगते की एकदा गड्ड्याच्या यात्रेला आणि एकदा आषाढीला या. जानेवारी आणि आषाढ यांत साधारण सहा महिने पडतात. अण्णांसारख्यांनी मध्ये गुढीपाडवा आणि दसराही धरावा, म्हणजे तीन-तीन महिन्यांनी. भेटीत काय व्हायला हवं तेही सांगते, कारण नुसतं आरशाने बघून ‘छान आहे’ म्हणून पाठवणं पुरेसं नाही. इम्प्लांटभोवती खोली मोजून लिहून ठेवलेली असावी, रक्त किंवा पू येतो का बघावं, चावा तपासावा, पुढच्या दाताला फ्लॉस अडकतो का बघावं, आणि वर्षातून एकदा एक्स-रे. इम्प्लांटभोवतीचं कीटण काढायला नेहमीची स्टीलची टोकं वापरत नाहीत. प्लास्टिकची, कार्बन फायबरची किंवा टायटॅनियमची वापरतात, किंवा बारीक पावडरच्या फवाऱ्याने साफ करतात. कशाने साफ करणार हे विचारायला लाजू नका, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

हिरडी दाबल्यावर पू आला, सूज गालापर्यंत आली, ताप आला किंवा काही हलायला लागलं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. हलतंय म्हणजे इम्प्लांट गेलाच असं मात्र नव्हे. पुष्कळदा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पंधरा-वीस मिनिटांत परत आवळता येतो. पण सैल कॅपवर महिनाभर चावत राहिलं तर तोच स्क्रू आत मोडतो आणि मग तो काढणं जिकिरीचं होतं. कॅप हातात आली तर ती डबीत घालून घेऊन या. घरात झटपट चिकटवायचा गोंद असतो, तो लावून बसवू नका. हे करून आलेले लोक मी पाहिलेत, आणि तो गोंद काढण्यात जो वेळ जातो त्यात कॅप दोनदा बसवून झाली असती.

शेवटी एक कागदाचं काम. इम्प्लांट कुठल्या कंपनीचा, जाडी-लांबी किती, बॅच नंबर काय, हे सांगणारे स्टिकर इम्प्लांटच्या डबीत येतात. ते लावलेलं कार्ड ज्यांनी इम्प्लांट बसवला त्यांच्याकडून मागून घ्या. प्रत्येक कंपनीचे स्क्रू आणि ते फिरवायचे पाने वेगळे असू शकतात. उद्या अण्णा नातवंडांकडे पुण्याला गेले आणि तिथे कॅप सैल झाली, तर हे कार्ड बघून तिथला डॉक्टर पाच मिनिटांत पाना मागवेल. कार्ड नसेल तर एक्स-रे बघून अंदाज करत बसेल. कार्डाचा फोटो तुमच्या मोबाइलवर ठेवा, अण्णांच्या नाही.